भिंतीला बांधलेली विहीर

माझ्या सासऱ्यांना बिअरची चव माहीत नव्हती. आयुष्यभर माळकरी राहिलेला माणूस. तरी ते बिअरच्या कारखान्याचे संचालक होते, आणि मी त्या घरात सून म्हणून गेले त्याला तो कारखाना हे एक कारण होतं.

आमच्या भागातल्या एका सहकारी संघानं उसाच्या जोडीला दुसरं काही करून बघायचं ठरवलं आणि वडवणीच्या अलीकडे माळावर बिअरचा छोटा कारखाना उभा केला. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, बाहेरून यायचा, पाणी आणि हात इथले. मी तोवर लांबच्या शहरात एका मोठ्या बिअर कारखान्यात कंट्रोल इंजिनीयर होते. टाकीचं तापमान, दाब, पाण्याची पातळी मोजायची आणि त्यानुसार व्हॉल्व्ह आणि पंप आपोआप चालतील अशी व्यवस्था लावायची, हे माझं काम. माहेर धर्मापुरीकडचं. स्थळ सांगून आलं तेव्हा सासऱ्यांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. म्हणाले, "ते व्हॉल्व्ह आपोआप बंद होतंय म्हंजी त्याला कळतं कसं?"

मी म्हटलं, "त्याला काही कळत नाही. आपल्याला हवा तो आकडा आणि मोजून आलेला आकडा, यांतला फरक तेवढा ते बघतं. फरक असला की हलतं, मिटला की थांबतं."

"आन मोजमाप चुकीचं आलं तर?"

"मग ते चुकीचंच वागणार. त्याला दुसरे डोळे नाहीत."

ते माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, "आमाला ही पोरगी पायजे." नवरा शेजारी बसला होता. त्याचं मत बहुधा कुणी विचारलंच नाही. तो वडवणीच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचा आणि शांत स्वभावाचा होता. त्या घरात शांत स्वभावाचा अर्थ काय होतो, ते मला पुढे कळलं.

लग्नानंतर मी संघाच्या कारखान्यात रुजू झाले. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्याबाई. आत्याबाईंनी बिअर हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. "तुझ्या त्या फेसाच्या कामावर डबा काय देऊ?" असं विचारायच्या आणि मामांच्या आधी माझा डबा भरायच्या.

कारखान्याचे मॅनेजर साखरेत मुरलेले गृहस्थ होते. साखरेचं गणित सरळ. ऊस आला की गाळायचा, पोती लावायची. बिअरचं तसं नाही. आज पातेल्यात चढवलेला माल आंबून, थंड होऊन, मुरून बाटलीत उतरायला आठवडे लागतात. मॅनेजर मात्र फोनवर कारखाना चालवायचे. विक्रेत्यांचे फोन वाढले की सगळ्या टाक्या भरायला लावायचे. तो माल तयार होईपर्यंत मागणी उतरलेली असायची, गोदामात हलायला जागा उरायची नाही, मग ते उकळणंच बंद करायचे. पुढे मागणी आली की टाक्या रिकाम्या. दर वेळी बोलणी खायचे ते बॉटलिंगवरचे लोक. कधी त्यांना दोन पाळ्या राबवायचे, कधी घरी बसवायचे.

मला यात नवीन काही दिसत नव्हतं. उशिरा परिणाम दाखवणाऱ्या यंत्राला अधीर कंट्रोलर जोडला की हेच होतं. तो जास्त ओढतो, मग जास्त सोडतो, आणि सगळं हेलकावत राहतं. मी मॅनेजरांना तसं सांगितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही व्हॉल्व्ह बघा. मॅनेजमेंट आम्ही बघतो."

त्या संध्याकाळी जेवताना मी मामांपाशी कुरकुर केली. त्यांनी नीट समजावून सांगायला सांगितलं. त्यांची जमीन कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "मामा, धरणातून पाणी सुटलं की तुमच्या शेतात लगेच येतं का?"

"कुठलं लगेच? वाट बगून डोळे दुखत्यात. मग आमी ऑफिसात जाऊन दंगा करायचो, गेट आणखी उचलायला लावायचो. तवर पयलं पाणी वाटेतच आसायचं. मग दोन्ही संगटच यायचं, आन कापसात गुडघाभर."

"मॅनेजरसाहेब तेच करतात."

त्यांचा घास हातात राहिला. मग ते इतके हसले की आत्याबाई चुलीपासून उठून आल्या. "आगं, साहेब बी आमच्यावानीच गेट उचलतंय," एवढंच त्यांना सांगता आलं.

पुढच्या बैठकीत त्यांनी मला संचालकांपुढे उभं केलं. मी म्हटलं, आठवड्यातून एकच दिवस निर्णय घ्यायचा. फोन बाजूला ठेवायचे. गोदामात काय आहे, टाक्यांत काय मुरतंय आणि गेल्या काही आठवड्यांची सरासरी विक्री काय, एवढंच बघायचं. कमीजास्त दिसलं तर त्यातलं थोडंच दुरुस्त करायचं आणि पुढच्या आठवड्यापर्यंत हात बांधून बसायचं. हात बांधून बसणं कुणाला पटेना. एक संचालक म्हणाले, मग आम्हाला निवडून दिलं कशाला? मामांनी कालव्याची गोष्ट सांगितली. त्या खोलीत निम्मे लोक कालव्याच्या टोकाचेच होते. ठराव झाला.

काही महिन्यांत कारखाना सुरळीत चालायला लागला. बॉटलिंगवरच्या लोकांना उद्या काम आहे की नाही ते आज कळू लागलं. मामा तेलगावच्या बाजाराला गेले की तिथल्या हॉटेलात बसून लोकांना माझ्या युक्त्या सांगायचे, आणि घरी येऊन मला सांगायचे की कुणाला सांगितलं. माझ्या वडिलांनी माझ्या शिक्षणाचा अभिमान बाळगला, पण मी काय शिकले ते त्यांना कधी समजून घ्यावंसं वाटलं नाही. मामांना वाटलं. त्या माणसावर माझा जीव होता, म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला. कारखान्याशेजारच्या आमच्या गावाच्या वरच्या अंगाला साठवण तलाव होता आणि त्याखाली दोन विहिरी. एक गावाची पाणीपुरवठ्याची, दुसरी कारखान्याची. कारखान्याला पाणी बिअरमध्ये जातं त्याहून कितीतरी जास्त धुण्याला लागतं, टाक्या, नळ्या, बाटल्या. दोन्ही विहिरींना झरे एकाच तलावाचे. आमचा पंप जोरात चालला की गावाच्या विहिरीतलं पाणी उतरायचं, पण लगेच नाही, काही दिवसांनी. त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात यायचा नाही. मला तो दिसला, कारण उशिरा दिसणारं बघणं हाच माझा धंदा.

मी मामांना म्हटलं, "आता गोदामापेक्षा विहीर महत्त्वाची. गावाच्या विहिरीत सेन्सर सोडू. तिथली पातळी ठरावीक खुणेखाली जायला लागली की कारखान्याचा पंप आपोआप कमी चालेल. किती माल चढवायचा हे मॅनेजर ठरवणार नाहीत, विहीर ठरवेल."

"खूण कुठं धरायची?"

"ते तुम्ही ठरवा. गावाला किती पाणी राहिलं पाहिजे हे यंत्र सांगू शकत नाही."

त्यांनी खूण चांगली वर धरली. गावाला उन्हाळा निघेल इतकी. संचालकांशी भांडून त्यांनी ती मान्य करून घेतली, हे मला सांगितलंच पाहिजे.

सेन्सर आला तेव्हा मी तो अंगणात तपासला. पाण्याच्या तळाशी टांगायचा अंगठ्याएवढा तुकडा. वर किती उंच पाणी उभं आहे ते दाबावरून ओळखतो. मी बूच लावलेला उंच प्लास्टिकचा पाइप भिंतीला उभा बांधला, आत सेन्सर सोडला आणि शिडीवरून तांब्यानं पाणी ओतत गेले. मामा खाली आकडा वाचत होते.

"एवढ्याशा पाइपात विहिरीएवढं कसं काय दावतंय?" त्यांनी विचारलं.

"त्याला रुंदी कळत नाही, मामा. फक्त उंची कळते. पाइप असो नाहीतर विहीर."

"बरंय," ते म्हणाले आणि दुसरा तांब्या भरून माझ्या हातात दिला.

सुरुवातीचे महिने सगळं ठरल्यासारखं चाललं. पातळी उतरायला लागली, पंप मंदावला, माल कमी चढला. मॅनेजर चिडले, पण गावाच्या नळाला पाणी येत होतं. तोवर मला दिवस गेले होते. थंडी संपता संपता मी बाळंतपणाला माहेरी गेले.

मुलगी झाली. बारशाला मामा आणि आत्याबाई आले. मामांनी नातीला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. मी विचारलं, "विहीर कशी आहे?"

"समदं बरोबर चाललंय. तुझं मशीन लई भारी. तू पोरीकडं बग."

 जाताना आत्याबाई माझ्या आईला म्हणाल्या, "लेकीला इतक्यात धाडू नका. तिकडं पाण्याचे लई हाल हायती." मी ते ऐकलं आणि मला वाटलं, दुष्काळच आहे, हाल असणारच.

भर उन्हाळ्यात परत आले. गावात शिरताना टँकर दिसला आणि त्याच्याभोवती घागरींची रांग. घरी मामांनी नवीन बोअर घेतलं होतं, तिथं पाणी होतं. दोन दिवसांनी बाळ आत्याबाईंकडे सोपवून मी कारखान्यात गेले. कारखाना पूर्ण जोरात चालू होता. बॉटलिंगच्या दोन पाळ्या. उन्हाळ्यात बिअरला मागणी सर्वांत जास्त, हे खरंच. पण माझ्या नियमानं त्या दिवसांत कारखाना जेमतेम धुगधुगायला हवा होता.

कंट्रोल रूममध्ये मी पडद्यावर गेल्या महिन्यांची पातळी काढली. मी जाण्याआधीची रेघ दातेरी होती. सकाळी गावाला पाणी सुटलं की खाली, दुपारी झऱ्यानं भरली की थोडी वर, संध्याकाळी पुन्हा खाली. मी माहेरी गेल्यावर थोड्याच दिवसांनी रेघ एकदम वर चढली होती आणि तिथून ती सपाट. फळीवर दोरा ताणून धरावा तशी. गाव पाणी उपसत होतं आणि विहीर हलत नव्हती.

मी तशीच गावाच्या विहिरीवर गेले. कठड्याभोवती बायका बसल्या होत्या. तळाशी गढूळ डबकं होतं आणि त्यात दोन मुली उतरून वाटीनं घागर भरत होत्या. मी सेन्सरची वायर शोधली. ती विहिरीत उतरतच नव्हती. पंपघराला वळसा घालून मागच्या भिंतीकडे गेली होती. तिथं बूच लावलेला एक उंच पाइप भिंतीला तारेनं बांधून उभा केला होता. तोंडाला कापडाचा बोळा, तळाच्या बुचाखाली झिरपलेल्या पाण्याची ओल. मी शिडी मागवली, बोळा काढला आणि आत बघितलं. पाणी काठोकाठ होतं, आणि स्वच्छ होतं.

एक म्हातारी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. वस्तीवर शेळ्या राखणारी, मला ओळखणारी. म्हणाली, "बाई, ह्यात रोज पानी कावून ओतत्यात? आमी मागितलं तर त्यो गडी म्हनला, मशीनला पायजे."

मी शिडीवरून खाली उतरले.

मी पंपघरातल्या माणसाला विचारलं. त्यानं खाली बघत सांगितलं, "मालकांनी सांगितलं तसं केलं, वहिनी." मालक म्हणजे मामा. पाइप अंगणातलाच होता, हे मला पाहताक्षणी कळलं होतं. पण त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत मी स्वतःला काहीबाही सांगत होते.

मामा घरी ओसरीवर होते. नात मांडीवर झोपलेली. मी उभ्यानंच म्हटलं, "मामा, सेन्सर विहिरीत नाही."

"बस आधी."

"तुम्ही काढलात?"

"मी काढायला लावला." आवाज अगदी साधा होता. "ऐक. उन्हाळ्यात माल न्हाई काढला तर कवा काढायचा? बाटल्यांवर किती घरं हायती तुला माहीत हाय. उसतोडीवरून आलेल्या मान्सांना तिथं काम लागलंय. ते बंद केलं आसतं तर पुढच्या निवडणुकीत आपला माणूस राहिला न्हवता."

"आणि गाव?"

"गावाला सरकार टँकर देतं. विहीर आटली की देतंच. कारखान्याला टँकर कोन देनार?"

मी म्हटलं, "मग सरळ खूण खाली आणायची होती. ठराव करायचा होता. मशीनला खोटं कशाला दाखवलं?"

"ठराव केला तर समद्यांना कळतं. तुझ्या मशीनला भरलेली विहीर पायजे हुती. आमी दिली."

त्यांनी नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि येत होताच. पण त्या क्षणी जास्त लागलं ते वेगळंच. माझी विद्या ज्यांनी मनापासून समजून घेतली असा त्या अख्ख्या मुलखात एकच माणूस होता, आणि त्यानं ती पुरती समजून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मी पंपघरामागे गेले, सेन्सर पाइपातून काढला आणि गावाच्या विहिरीत तळाला सोडला. कारखान्याचा पंप बंद पडला. बॉटलिंग दुपारपर्यंत थांबलं. मला वाटलं होतं, आता तरी प्रश्न बैठकीत येईल.

आला. अध्यक्षांनी मला चहा दिला, बाळाची चौकशी केली. मग म्हणाले, "ताई, यंत्रणा मॅन्युअलवर टाकलीय. तुम्ही काही महिने घरी आराम करा." मॅनेजर खिडकीबाहेर बघत होते. मामा माझ्या समोर बसले होते आणि त्यांनी हात वर करून ठरावाला मत दिलं.

त्याच आठवड्यात गावात सभा झाली. बायका घागरी घेऊनच आल्या. कारखान्यानं पाणी ओढलं का, असा सरळ प्रश्न होता. मामा उठले आणि म्हणाले, मशीननं चुकीचा आकडा दाखवला, आमची पण फसगत झाली, आता ते बंद केलंय. खोटं त्यात शोधून काढावं लागलं असतं. मशीननं चुकीचा आकडा दाखवला होताच. सभेतल्या नजरा माझ्याकडे वळल्या. मशीन माझं होतं.

मी उठायला लागले तेव्हा नवऱ्यानं माझा हात धरला. जोरात नाही. "घरात राहायचंय आपल्याला," तो हळू म्हणाला. मी बसले नाही, पण बोललेही नाही. बाहेर निघून गेले. त्या म्हातारीनं वाटेत मला बघितलं आणि दुसऱ्या बाजूनं गेली.

घरात त्यावर कधी भांडण झालं नाही. मामा माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, फक्त काही विचारायचे नाहीत. मी जेवायला बसले की ते आधीच जेवलेले असायचे. आत्याबाईंनी एकदा भांडी घासता घासता म्हटलं, "मला ठावं हुतं. मी बारशालाच सांगनार हुते." मी विचारलं, मग सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "तुला दूध आलं न्हवतं नीट."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. कारखाना मात्र फार टिकला नाही. विहिरी भरल्या तरी मॅनेजर पुन्हा फोनवर आले होते, आणि मॅन्युअलवर टाकलेली यंत्रणा कुणी परत चालू केली नाही. आधी एक पाळी गेली, मग बॉटलिंगवरची माणसं कोयते घेऊन पुन्हा उसाला गेली. टाक्या कुणीतरी उचलून नेल्या. आम्ही बीडला बिऱ्हाड केलं. मी तिथं एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागले आणि अजून शिकवते. मुलांना सेन्सर दाखवते तेव्हा तो आधी नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा ठेवायला सांगते. त्यांना वाटतं, ही बाईंची एक खोड आहे.

काही वर्षांनी दुष्काळात पाण्याचं नियोजन केल्याबद्दल मामांचा तालुक्याला सत्कार झाला. मी जायला तयार नव्हते. नवरा म्हणाला, "त्यांचं वय झालंय." मुलीला आजोबांचा सत्कार बघायचा होता. गेलो. शाल झाली, नारळ झाला. मामा बोलायला उठले, माइक जवळ ओढला, आणि म्हणाले की हे सगळं माझ्या एकट्याचं नाही, यात माझ्या इंजिनीयर सुनेचा मोठा वाटा आहे. मग त्यांनी मला उभं राहायला सांगितलं.

ते मनापासून बोलत होते. निदान मला तसं वाटलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. मुलगी माझा पदर ओढत होती, आई, ऊठ ना. मी उठले. मागच्या रांगांत आमच्या गावच्या काही बायका होत्या. मंडपात टाळ्या झाल्या, त्या बायकांच्या बाजूला झाल्या नाहीत. मी हात जोडले आणि खाली बसले.